फडकं धुवायचं नाही

आमच्या घरी कायमचं राहायला यायला आतेची एकच अट होती. ती अट पांढऱ्या-करड्या रंगाची होती आणि तिच्या एका कानाचं टोक तुटलेलं होतं. मरोळच्या गल्लीतून बांगड्यांच्या वासावर ती एकदा जी आतेच्या पिशवीमागून खोलीत शिरली, ती परत गेलीच नव्हती.

"मांजार माझ्यावांगडा येतला तर मी येतंय," आते फोनवर म्हणाली. "नायतर मी आपली गावाक जातंय."

मी म्हटलं, चालेल, मांजर तर मांजर. फोन ठेवला आणि खाली बघितलं. माझ्या पायावर हनुवटी टेकून आमचा कुत्रा झोपला होता. त्याला काही कळलं असं मी म्हणणार नाही, पण त्याने एक डोळा उघडला होता हे खरं.

आते म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. का, ते विचारायची घरात कोणाची टाप नव्हती. गिरणी बंद पडल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून बसायला लागले, आई सतत आजारी, तेव्हा आते मरोळच्या एका कंपनीत औषधाच्या गोळ्या पाकिटात भरत होती आणि आमचं घर त्यावर चाललं होतं. कामावर जायच्या आधी ती माझ्या वेण्या घालायची. इतक्या घट्ट, की वर्गात मी दिवसभर आश्चर्यचकित दिसायचे. थोडक्यात, मला वाढवलं तिने, आणि हे तिच्यासमोर बोललं तर ती म्हणते, "गप ऱ्हव, तू आपणच वाढलंस."

आता तिची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती. नवी उभी राहायला काही वर्षं लागणार, उभी राहिली तर. आतेने सत्तरी केव्हाच ओलांडलेली, उजवा गुडघा कामातून गेलेला, आणि ही बाई गावाला एकटी राहायला निघालेली. आमच्या वाडीत माणसं गणपतीत दिसतात. विसर्जन झालं की घरांना कुलपं लावून सगळे मुंबईला. पाणी विहिरीचं. मागे एकदा ती विहिरीवरून येताना पडली होती आणि पोस्टमन आला म्हणून कोणाला तरी कळलं. तो रोज येत नाही. म्हणून ती मला इथे हवी होती, मुलुंडला, माझ्या डोळ्यांसमोर. मांजरीसकट, कोंबड्यांसकट, कशाही सकट.

प्रश्न कुत्र्याचा होता. तो तसा गुणी आहे. सिलेंडरवाल्याला घाबरतो, माझ्या आवाजाला घाबरतो, लहान मुलांनी कान ओढले तरी उभा राहतो. पण मांजर दिसलं की त्याच्या अंगात येतं. एकदा त्याने कंपाउंडमधल्या मांजरीला गाडीखाली कोंडून धरलं होतं. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माझा नवरा होता, तो गटाराच्या कडेपर्यंत फरपटत गेला. मांजर वाचली. नवऱ्याचं ढोपर सोलवटलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आमच्या संस्कारांची आठवडाभर चर्चा झाली.

तर आम्ही कुत्र्याच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची आहे आणि माझ्याशी बोलताना ती मलाच बिस्किट देऊन बसवेल की काय असं मला नेहमी वाटतं. तिने सांगितलं, घाई करायची नाही. मांजरीला वेगळी खोली द्या, दार बंद. पहिले बरेच दिवस दोघांनी एकमेकांना बघायचंसुद्धा नाही. आधी वास, मग आवाज, मग लांबून दर्शन, आणि तेव्हाही कुत्रा पट्ट्याला बांधलेला. आमच्या आजोबांच्या पिढीतली लग्नं साधारण याच क्रमाने होत असावीत, पट्टा सोडून.

"एक फडकं घ्या," डॉक्टर म्हणाली. "मांजरीच्या गालांवरून, मानेवरून फिरवा आणि कुत्र्याच्या जेवणाच्या भांड्याखाली ठेवा. तसंच कुत्र्याचं फडकं तिच्या भांड्याखाली. जेवण आणि वास एकत्र आले की त्यांच्या डोक्यात बसतं, हा वास चांगला आहे. मांजरीला चढून बसायला उंच जागा द्या, तिला पळायला वाट ठेवा. आणि घरात कोणी नसताना दोघांना एकत्र सोडू नका."

नवऱ्याने मान डोलावली. तो शांत माणूस आहे. शांत माणसांचा मला राग येतो, कारण त्यांच्याशी भांडण आपल्यालाच दोन्ही बाजूंनी करावं लागतं. घरी येऊन त्याने या विषयावरचे जगभरचे व्हिडिओ बघितले. त्या व्हिडिओंतल्या घरांना वरचा मजला असतो, खालचा मजला असतो, मागे बाग असते. आमच्याकडे हॉल, किचन आणि दोन खोल्या. त्यातली एक मुलीची. ती नोकरीला बंगळुरूला गेल्यापासून तिच्या पलंगावर दुपारी कुत्रा झोपायचा. ती खोली आते आणि मांजरीला द्यायची ठरली. कुत्र्याचं मत कोणी विचारलं नाही.

आते आली त्या दिवशी आमची तयारी चोख होती. नवरा कुत्र्याला घेऊन आमच्या खोलीत, दार बंद. आतेने रिक्षातून उतरून, लिफ्टने वर येऊन, मांजरीची टोपली घेऊन थेट मुलीच्या खोलीत जायचं. साधा सरळ बेत. मी दार उघडलं. आते उंबऱ्यापाशी थांबली.

"भाकरतुकडो खंय आसा?" ती म्हणाली.

आता हे आमच्या घरातलं जुनं. नवी सून असो, बाळंतीण असो, दुखण्यातून उठून आलेला माणूस असो, तो उंबऱ्यावर थांबतो, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून बाहेर टाकतात, मगच तो आत येतो. मी म्हटलं, आते, चपाती आहे, तिचा तुकडा ओवाळते. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी चपाती परत डब्यात ठेवली. "नवो जीव घरात येता," ती म्हणाली. "चपाती नको, भाकरी व्हयी." आणि चपलांच्या स्टँडला टेकून, टोपली छातीशी धरून, ती पॅसेजमध्ये उभी राहिली. दुखऱ्या गुडघ्यावर. मी तांदळाचं पीठ काढलं, पाण्याला आधण आणलं आणि भाकरी थापायला घेतली.

आमच्या घरात भाकरी झाली की पहिला कडेचा तुकडा कुत्र्याचा. हा नियम त्याने केलाय आणि आम्ही पाळतो. हे मला त्या घाईत आठवायला हवं होतं, नाही आठवलं. भाकरी तव्यावर फुगली तसा आमच्या खोलीच्या दारावर पंजा घासल्याचा आवाज यायला लागला. मी तुकडा मोडला, आतेवरून ओवाळला, टोपलीवरून ओवाळला, पाणी फिरवलं आणि तुकडा लिफ्टच्या दिशेने टाकला. नेमकं तेव्हा नवऱ्याने दार किलकिलं करून विचारलं, "झालं का?"

कुत्रा त्याच्या दोन पायांमधून निघाला. हॉल त्याने कसा ओलांडला मी बघितलं नाही. मला दिसलं ते हे, की आते बाजूला व्हायला गेली, टोपली खाली पडली, झाकण निघालं, आणि माझ्या कुत्र्याची आणि तिच्या मांजरीची पहिली भेट पॅसेजच्या मधोमध, भाकरीच्या एका तुकड्यावर झाली. मांजरीने त्याच्या नाकावर असा फटकारा मारला की त्याचं केकाटणं तळमजल्यावर ऐकू गेलं. मग ती शेजाऱ्यांच्या जाळीच्या दारावर चढली आणि थेट वर जाऊन फिसकारत लटकली. कुत्रा जेवणाच्या टेबलाखाली पळाला. तुकडा मात्र त्याने सोडला नव्हता.

"नाकार ओरबाडल्यान," आते म्हणाली. तिने वाकून टोपली उचलली, शांतपणे उजवा पाय आत टाकला आणि घरात आली.

मांजरीला जाळीवरून उतरवून खोलीत बंद केलं आणि मी डॉक्टरला फोन केला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण भाकरी फेकली कशासाठी?" मी समजवायला लागले, आणि माझंच मला ऐकू आलं, तेव्हा गप्प बसले. नाकाला मलम सांगून ती म्हणाली की आता कुत्राही घाबरलाय आणि मांजरही, घाबरलेला कुत्रा जास्त धोक्याचा, तेव्हा अजिबात घाई नको.

मग आमच्या घरात बंद दाराचं राज्य सुरू झालं. आत आते आणि मांजर. बाहेर नाकाला मलम लावलेला कुत्रा, दाराच्या फटीकडे तोंड करून गुरगुरत बसलेला. मुलीच्या कपाटाच्या उंचीपर्यंत नवऱ्याने स्टीलची शिडी लावून दिली, मांजर त्यावरून चढून कपाटावर बसायची आणि तिथून माझ्याकडे बघायची. त्याच कपाटाचे दोन कप्पे मी आतेसाठी रिकामे केले होते. ते रिकामेच होते. तिची बॅग पलंगाखाली होती. त्यातून एक साडी काढायची, नेसायची, धुवायची, वाळली की घडी करून परत बॅगेत. गावच्या घराची किल्ली कमरेच्या बटव्यात.

"आते, कपडे कपाटात लाव ना," मी म्हणायचे.

"बगूया. आदी मांजराचा काय ता होऊ दी."

म्हणजे माझं सगळं त्या दोन जनावरांवर अडकलेलं. त्यांचं जमलं तर आते राहणार, नाहीतर किल्ली तयारच. ऑफिसात मी लोकांच्या रजा मंजूर करते. तिथे बसून मी फोनवर घरच्या कॅमेऱ्यात कुत्रा गुरगुरतोय का ते बघायला लागले.

फडक्यांनी मात्र आम्हाला चकित केलं. मांजरीचं फडकं भांड्याखाली ठेवलं, कुत्र्याने हुंगलं आणि जेवला. दुसऱ्या दिवशीही तसंच. शेपूट शांत, कान शांत. नवऱ्याने मुलीला फोटो पाठवले. झकास चाललंय, तो म्हणाला. मलाही वाटलं, चला, सुटलो. मग एके संध्याकाळी कुत्र्याला पट्ट्याला बांधून आम्ही खोलीचं दार चार बोटं उघडलं. त्याच्या पाठीवरचा प्रत्येक केस उभा राहिला. त्याने एवढी ओढ घेतली की आम्ही दोघं नवरा-बायको पट्ट्याला धरून फरशीवर बसलो. आत मांजर कपाटावर फुगून दुप्पट झाली होती.

डॉक्टरला कोडं पडलं. "फडक्याला काहीच करत नाही आणि दार उघडलं की असं? विचित्र आहे."

विचित्र काही नव्हतं. पुढे एका सकाळी मला लवकर जाग आली. बाल्कनीत गेले तर आते दोरीवर फडकी वाळत घालत होती. कुत्र्याचं एक, मांजरीचं एक, स्वच्छ पिळलेली.

"आते, हे काय?"

"गो, वास येय होतो तेंका," ती म्हणाली. "जेवच्या भांड्याखाली असला काय बरा दिसता? रोज धुतंय मी. तुमी कामाक जाणारी माणसां, तुमका वेळ खंय?"

म्हणजे इतके दिवस आमच्या कुत्र्याची ओळख मांजरीशी होत नव्हती, साबणाच्या पावडरीशी होत होती. ती त्याला आवडली होती.

आमच्याकडे मशीन आहे हे आतेला मान्यच नव्हतं. आम्ही उठायच्या आत तिने भांडी घासलेली असायची, ओटा पुसलेला असायचा, नवऱ्याचे रुमालसुद्धा हाताने धुतलेले. दुसऱ्याच्या घरात आयतं बसायचं नाही, हे तिच्या हाडात आहे. ते मला माहीत होतं, तरी माझा पारा चढला. "आते, फडकं धुवायचं नाही. कळलं? वासासाठीच तर ठेवलंय ते. धुतलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

तिच्या हातात ओलं फडकं होतं. "माका काय म्हायत," ती म्हणाली आणि खोलीत गेली. पाठोपाठ बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. मी धावत आत गेले. ती नाक पुसायला रुमाल शोधत होती. मी तिच्याशेजारी पलंगावर बसले आणि सरळ सांगितलं, आते, तू गेलीस तर मला झोप लागणार नाही, राहा गं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, माझे केस किती पातळ झालेत ते सांगितलं आणि म्हणाली, "बगूया."

त्या दिवसापासून फडक्यांची मालकीण आते. कोणाची हात लावायची बिशाद नाही. एकदा नवऱ्याने चुकून टेबलावर सांडलेला चहा पुसायला त्यातलं एक घेतलं. "फडक्याक हात लावू नकात, जावयबापू," ती म्हणाली. "वास जाता. सगळा पयल्यापासून करूचा लागता." जावयबापूंनी शर्टाच्या बाहीने चहा पुसला.

मग खरी सुरुवात झाली. पहिल्यांदा खरं फडकं भांड्याखाली आलं तेव्हा कुत्र्याने जेवण तसंच ठेवलं आणि सोफ्यामागे जाऊन बसला. आम्ही फडकं लांब ठेवलं, रोज थोडं जवळ आणलं. मग बंद दाराच्या अलीकडे त्याचं भांडं, पलीकडे तिचं. सोमवार-गुरुवारी आते मासळीला शिवत नाही, त्यामुळे त्या दिवशी मांजरीलाही दूधभात. ती भांड्याकडे पाठ करून बसायची आणि दाराच्या या बाजूला भाकरीवर ताव मारणाऱ्या कुत्र्याचा आवाज ऐकायची. त्या काळात तिचं त्याच्याविषयीचं मत काही सुधारलं नसणार.

मग नवऱ्याने खिडकीची जुनी जाळी दाराच्या चौकटीत आडवी बसवली, आणि ती एकमेकांना बघायला लागली. कुत्रा पट्ट्याला, मांजर शिडीवर. बघायचं, खायचं, जाळी झाकायची. तो ओढायला लागला की त्याला लांब न्यायचा, शांत झाला की शाबासकी. आतेने स्वतःची पद्धत काढली. रविवारी ती किचनच्या जमिनीवर पाट टाकून, विळी घेऊन मासळी साफ करायला बसायची. मांजर फ्रीजवर, कुत्रा माझ्या हातात पट्ट्याला बांधून दाराशी. मासळीची डोकी ती बिनमिठाची उकडून, काटे काढून ठेवायची आणि वाटप करायची. एक घास वर, एक घास खाली. जो आवाज करेल त्याची पाळी गेली. गोळ्यांच्या पाकिटांवर आयुष्य काढलेली बाई, तिच्या हाताचा हिशेब चुकत नाही. कुत्रा एकदा भुंकला, त्याची पाळी गेली. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, माझंही इथे काही चालत नाही.

हे किती रविवार चाललं मला आठवत नाही. एवढं आठवतं, की एका दुपारी पट्टा माझ्या हातात सैल होता आणि मला त्याचं भानच नव्हतं. मांजर फ्रीजवरून उतरली, कुत्र्याच्या समोरून, सावकाश, कोणाच्या बापाला न घाबरता चालत गेली आणि त्याच्या भांड्यातलं पाणी प्यायली. त्याने आतेकडे बघितलं. आतेने त्याला घास दिला. पुढच्या काही आठवड्यांत पट्टा सुटला, जाळी निघाली, आणि मुलीच्या पलंगावर दुपारी दोघं झोपायला लागली. आधी दोन टोकांना, मग एका टोकाला. ती त्याच्या पोटाशी पाठ लावून.

मी डॉक्टरला व्हिडिओ पाठवला. मी इतकी खूश होते की ऑफिसात पेढे नेले. लोकांनी विचारलं, मुलीचं जमलं का? मी म्हटलं, नाही, कुत्र्याचं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आते बॅग घेऊन हॉलमध्ये आली.

"आता जमला तेंचा," ती म्हणाली. "आता मी गावाक जावक मोकळी. जावयबापू, तुमच्या त्या फोनवर माझा गाडीचा तिकीट बगा."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण बटवा कमरेला होता आणि पायात प्रवासाच्या चपला होत्या. "आते, अट तुझी होती. मांजर आली तर येणार म्हणालीस. मांजर आली, जमलं, सगळं झालं. आता काय?"

"अट मांजरासाठी होती गो. गावाक न्हेलंय असता तर बिबट्यान खाल्ल्यान असता. हयसर बरा आसा. तुझ्या कुत्र्याक पण सोबत झाली."

"म्हणजे इतके दिवस आम्ही तुझ्या मांजरीला सासरी रुळवत होतो?"

"तसाच समज," ती म्हणाली. हसलीसुद्धा.

मला असा राग आला की मी कप आदळला. कप फुटला नाही, त्याचाही राग आला. मी म्हटलं, तुला इथे काय कमी आहे ते सांग. खोली आहे, मी आहे, हा आहे. ती बराच वेळ बॅगेचा पट्टा चाचपत राहिली.

"कमी काय नाय," ती म्हणाली. "पण लेकीच्या घरात कितीक दिवस ऱ्हवाचा? बाळंतपण आसता, पोराटोरांची शाळा आसता, काम आसता तवसर आवस ऱ्हवता. नुसती बसान खावक कोण ऱ्हवता काय?"

"मी तुझी भाची आहे, आते. लेक कुठे?"

"माका लेकच," ती म्हणाली. "म्हणान तर."

मी किचनमध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. भाची म्हटलं असतं तर राहिली असती कदाचित. लेक म्हणाली आणि निघाली. नवरा हॉलमध्ये तिकीट शोधत होता. खूप वेळ शोधत होता. शेवटी मला त्याचा आवाज आला, "आत्या, आज साइट बंद दिसतेय हो. उद्या बघू." साइट वगैरे काही बंद नव्हती. शांत माणसांविषयी मी वर जे लिहिलंय ते थोडं मागे घ्यायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आते मासळी आणायला बाजारात गेली. जायच्या आधी आम्हाला शेवटचं बांगड्याचं तिखलं करून घालणार होती. मी मुलीच्या खोलीत डोकावले. पलंगावर ऊन आलं होतं आणि दोघं गाढ झोपली होती. मांजरीचं डोकं त्याच्या कानावर, तिचे पांढरे केस त्याच्या सगळ्या तोंडावर. मी बघत राहिले. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते हे. आणि हे आहे म्हणून ती जाणार.

काम आहे तोपर्यंत आई लेकीकडे राहते, ती म्हणाली होती.

मी मांजरीला उचललं आणि कपाटावर ठेवलं. कुत्र्याला खेचत हॉलमध्ये आणलं, पट्टा अडकवला, खोलीचं दार लावलं. तो माझ्याकडे असा बघत होता की मला त्याची माफी मागावीशी वाटली. नवरा पेपर वाचत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं. मग उठला, दारापाशी गेला आणि चपलांचा स्टँड आडवा पाडला. चपला पॅसेजभर पसरल्या. येऊन परत पेपर वाचायला लागला.

आते पिशवी घेऊन आली. "ह्या काय झाला?"

"भांडले," मी म्हटलं. "खूप भांडले. सगळी वाट लागली, आते. डॉक्टर म्हणाली, परत पहिल्यापासून सुरुवात करा." डॉक्टर असं काही म्हणाली नव्हती, तिला मी फोनही केला नव्हता.

"थोडक्यात वाचले," नवरा पेपरामागून म्हणाला.

आतेने पिशवी खाली ठेवली. कुत्रा शेपूट हलवत तिच्याकडे गेला आणि मग बंद दाराकडे तोंड करून कण्हायला लागला. पलीकडून मांजर दारावर पंजा घासत होती आणि आतेला मारते तशा हाका मारत होती, कुत्र्याला. आते गुडघा धरून हळूच वाकली. तिने कुत्र्याच्या कानावरून एक पांढरा केस काढला, दोन बोटांत धरून उजेडात बघितला आणि पदराला पुसून टाकला.

"खूप भांडले?" तिने विचारलं.

"खूप."

"लागला काय खंय?"

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

पिशवीतून बांगडे काढून तिने ताटात ठेवले. हात धुतले. "मगे आता कशी जातलंय मी," ती म्हणाली. आम्हाला नाही, कुत्र्याला. "माका फडकी दी गो."

मी दोन फडकी दिली. तिने एक मांजरीच्या गालांवरून फिरवलं, एक कुत्र्याच्या मानेवरून, डॉक्टरने सांगितलं होतं तसं, आणि दोन्ही एकमेकांच्या भांड्यांखाली नीट घडी करून ठेवली. बॅग हॉलमध्येच होती. नवऱ्याने ती उचलून परत पलंगाखाली ठेवली. तिने बघितलं आणि ठेवू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाल्कनीत गेले. दोरीवर दोन्ही फडकी वाळत होती, धुऊन, घट्ट पिळून. पावडरीचा वास येत होता. किचनमध्ये आते भाकरी थापत होती. कुत्रा तिच्या पायाशी, मांजर कुत्र्याच्या पाठीला टेकून. दार कोणी लावलं नव्हतं.

"आते," मी म्हटलं, "फडकी धुतलीस?"

"खराब झाल्ली."

"धुतली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि कडेचा तुकडा मोडून खाली धरला. "करूया पयल्यापासून."